डंपरवाटेवरचं पाणी

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी नंदुरबारहून घरी पोहोचले, तेव्हा आप्पा ओसरीत बसून वाटीत तूप आणि हळद कालवत होते. वर्षभर जू वाहणाऱ्या बैलांचे खांदे त्या संध्याकाळी तूप-हळदीनं मळायचे असतात. माय चुलीपुढून सांगत होती, तूप खांद्याला लावायचं आहे, आंघोळ घालायची नाही, जरा बेतानं घ्या.

"वरीसभर वढस कोन? त्या का तू?" आप्पा म्हणाले.

"मी काय नुसती बठेल शे? मन्हा खांदा कोनी मळा?"

आप्पा उठले, आत गेले आणि बोटांना राहिलेलं तूप तिच्या खांद्याला पुसून बाहेर आले. त्यावर माय जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. आप्पा मात्र बैलांकडे जाताना बराच वेळ हसत होते.

मग ते मला खदान दाखवायला घेऊन गेले. मला तिथे जायला कधीच आवडलं नव्हतं. कोरीटच्या पुढे रस्ता वळला की आधी खदान लागते, मग आमचं गाव. लहानपणी दुपारी तिकडून सुरुंगाचा भोंगा वाजला की माय पाण्याचं मडकं दोन्ही हातांनी धरून बसायची. मग पायाखालची जमीन एकदा हलायची आणि थोड्या वेळानं पत्र्यावर बारीक खडे पडायचे. पुढे महामार्गाचं काम संपलं, क्रशर गेला, डंपर गेले. मागे राहिला तो खड्डा. त्यात बाभळी उगवल्या आणि मेलेली कुत्री पडू लागली. त्याच्या शेजारून आमचा नाला पावसाळ्यात काही दिवस भरून वाहायचा आणि सगळं पाणी तापीला नेऊन घालायचा. उन्हाळ्यात गाव टँकरची वाट बघायचं.

नाल्याचं पाणी खदानीत वळवून साठवायचं, ही कल्पना आप्पांची. पहिल्यांदा ते ग्रामसभेत बोलले तेव्हा मोतीलालकाकांनी विचारलं होतं, "उखा, खड्डाले तान लागनी का?" नंतर तेच मोतीलालकाका पाणी समितीत आप्पांचे जोडीदार झाले. दोन उन्हाळे काम चाललं. कड्यांवरचे सैल दगड पाडले, गाळ काढला, नाल्यापासून चारी खोदली, तिच्या तोंडाशी वरखाली होणारी लोखंडी झडप बसवली. फक्त कुणी खाली पाण्यात उतरू नये म्हणून डंपरवाटेच्या तोंडाशी भिंत घालायची राहिली होती. यंदा गवंड्यांच्या आधी पाऊस आला. आलेलं पाणी कशाला सोडायचं, भिंत पोळ्यानंतर घालू, असं सभेत ठरलं. हात वर करणाऱ्यांत आप्पा पहिले होते.

डंपरवाट म्हणजे डंपर खाली उतरायचे तो रस्ता. कड्याला धरून तो तिरका खाली जातो. एका हाताला उभा खडक, दुसऱ्या हाताला काही नाही. पूर्वी त्या मोकळ्या बाजूला मोठाले दगड लावलेले असत, डंपरचं चाक घसरू नये म्हणून. ते दगड चारीच्या काठाला लागले. त्या संध्याकाळी रस्त्याचा खालचा भाग पाण्यात गेला होता आणि वरचा पाण्याकडे सावकाश उतरत होता. पाण्याखाली रस्ता कुठे संपतो ते दिसत नव्हतं.

"तापीना घाटनागत दिखस का नही?" आप्पांनी विचारलं.

मी हो म्हणाले. तसंच दिसत होतं.

आमच्याकडे पोळ्याला बैल वाहत्या पाण्यात धुण्याची रीत आहे. पण नाला तोवर आटलेला असायचा, म्हणून गावात कित्येक वर्षं बैल बादलीनंच धुतले जात. यंदा ते पाण्यात घालायचे होते आणि पहिला मान उखा आप्पाचा, हे मोतीलालकाकांनी जाहीर करून टाकलं होतं. सकाळी सगळं गाव खदानीवर आलं. मी वर बायकांमध्ये पूजेचं ताट घेऊन उभी होते. आप्पांनी एका सपाट दगडावर चपला काढल्या आणि दोन्ही बैल घेऊन उतरले. ढवळ्याचा कासरा नुसता हातात होता. राजा अल्लड, म्हणून त्याच्या कासऱ्याला त्यांनी मनगटाभोवती वेढा दिला होता. नदीत सगळे असाच धरतात. नदीत बैल बुजला तर माणूस थोडा ओढला जातो, मग पायाला वाळू लागते.

इथे वाळू नव्हती. राजा बाजूला सरकला आणि एकदम दिसेनासा झाला. आप्पा त्याच्यामागे गेले, कुणी घाईनं हाक मारावी आणि जावं तसे. ओरडलेसुद्धा नाहीत.

धीरज, माझा धाकटा भाऊ, आणि आणखी दोघांनी उड्या टाकल्या. बैल पोहतो, पण घाबरलेला बैल कुणाला जवळ येऊ देत नाही. राजा सगळ्या खदानीत फिरला. चारी बाजूंनी कडा होता. शेवटी त्याला ती एकच वाट सापडली आणि तो डंपरवाटेवर येऊन धापा टाकत उभा राहिला. कासरा मागे ताणलेला होता. आप्पांना वर त्यानंच आणलं.

प्रकाशा तीर्थावर तापीत अस्थी सोडल्या, तेरावं झालं, पाहुणे गेले. मी कॉलेजातून रजा वाढवून घेतली. ग्रंथालय मी सांभाळते. दोनचार आठवडे कुणाचं काही अडत नाही.

सगळे गेल्यावर पहिल्याच सकाळी माय उठली, डोक्यावरून पदर घेतला आणि बाहेर पडली. नवरा गेलेल्या बाईनं सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नसतो. शेजारच्या सरलाबाई अंगण झाडता झाडता थांबल्या.

"रुक्मिणी, कथा जाई ऱ्हायनी व?"

"आठेच," इथेच, एवढं म्हणून माय चालत राहिली.

मी तिच्यामागे गेले. ती डंपरवाट उतरली आणि आप्पांनी चपला काढल्या होत्या त्या दगडावर बसली. दगड तेव्हा पाण्याच्या कडेला होता. तिनं पाय पाण्यात सोडले आणि हनुवटी गुडघ्यावर टेकली. मी वरच थांबले. उतरायचं मनात होतं, पाय ऐकेनात. दगडापासून मोकळी बाजू किती जवळ आहे ते वरून कळत नव्हतं. पाणी गढूळ, सगळीकडे सारखं.

ऊन चढल्यावर माय उठून घरी आली आणि तिनं पिठाचा डबा उघडला. काही झालंच नाही अशी.

मग रोज तेच. मी रोज वर उभी. आमच्या ग्रंथालयात भीतीवर लिहिलेली पुस्तकं आहेत, त्यांतली बरीच मी वाचलेली आहेत. ती लिहिणाऱ्यांपैकी कुणाची माय रोज सकाळी पाण्याकडे जात नव्हती.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली ती कपडे वाळत घालताना. मायच्या पातळावर गढूळ पाण्याची रेघ उमटलेली असायची. आधी ती नुसत्या काठावर होती. मग पोटरीला येईल इतकी वर. मग गुडघ्याशी. मी पातळ पुन्हा धुवायची आणि दुसऱ्या दिवशी दोरीवर ती रेघ आदल्या दिवसापेक्षा वर असायची. हे मी धीरजलाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं.

शेवटी तिलाच विचारलं. ती भाकरी थापत होती.

"माय, तू रोज पुढे पुढे जाई ऱ्हायनी का?"

"मी?" तिनं भाकरी तव्यावर टाकली. "मी त्याच दगडवर बठस. पानी येई ऱ्हायनं."

मी दुसऱ्या दिवशी नीट पाहिलं. खरं होतं. डोंगराकडे पाऊस लागून होता, चारी भरून वाहत होती आणि खदान चढत होती. दगड पाण्याखाली गेला होता. माय पायांनी चाचपून त्याच्यावर जायची आणि पाणी कुठवर आलंय ते बघतही नव्हती.

"मंग मांगे सरक ना," मी म्हणाले.

"कसाले? पानी काय परकं शे?"

गावाला ते पाणी दिसत होतंच. शाळेजवळचा हातपंप कित्येक वर्षांत पहिल्यांदाच विनाकष्ट पाणी देऊ लागला होता. विहिरींत झरे फुटले होते. पण आमच्या घरासमोरून जाताना बायका आवाज खाली करायच्या. आनंद झाला होता आणि तो आम्हाला दिसू नये असं त्यांना वाटत होतं.

मोतीलालकाका एका दुपारी आले आणि ओसरीच्या कडेला बसले. आतही आले नाहीत, पाणीही घेतलं नाही. डंपरवाटेच्या तोंडाशी भिंतीचे दगड येऊन पडले होते, वाळू पडली होती, गवंडी खोळंबले होते.

"वैनी सकायले तठे बठस," ते मला म्हणाले. "भिंत कशी बांधू? तू समजाड. तू शिकेल शे."

"तुम्ही सांगून पाहिलंत का?"

"मी?" त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पयला मान त्याना, आशे मीच बोलनू व्हतू ना पोऱ्ही. मी कोनत्या तोंडे सांगू?"

मी मायला समजावलं. सर्दी होईल म्हणाले. तिनं सांगितलं, जन्मभर पावसात निंदणी करणारीला सर्दी होत नाही. साप असतात म्हणाले. "तो बी पानी पेवाले येस, बापडा." लोक बोलतात म्हणाले. "लोकस्ले तोंड दिन्हं ते कसाले?" गवंड्यांची मजुरी बुडते म्हणाले. त्यावर ती म्हणाली, "त्यास्ले आपला आंगना बांधाले लाय." मी एकेक कारण पुढे करत होते आणि ती ते खुडून बाजूला ठेवत होती. त्यात खरं कारण नव्हतं, हे तिला कळत असावं.

शेवटी धीरजनं मला न सांगता चारीवर जाऊन झडप खाली टाकली.

खदानीत येणारं पाणी बंद झालं. नाला आमच्या शिवारातून तापीकडे वाहून जाऊ लागला, जसा पूर्वी जायचा. ते पुढच्या उन्हाळ्याचं पाणी होतं. गावात सगळ्यांना कळलं आणि कुणीही एक शब्द बोललं नाही. मोतीलालकाका चारीवर जाऊन आले, झडपेला हात लावला नाही आणि परत गेले. मला गावापुढे लाज वाटत होती आणि तरी मी रोज सकाळी पाण्याची रेघ तिथेच आहे ना, हे बघून सुटकेचा श्वास टाकत होते. त्या दिवसांत मला जेवण जाऊ लागलं.

मग एका सकाळी माय लवकर परत आली. अंगणातूनच बोलली.

"झडप कोनी टाकी?"

धीरज बैलांपुढे चारा टाकत होता. त्यानं मान वर केली नाही.

"तुले इचारी ऱ्हायनी."

"मी टाकी."

"कसाले?"

"तुन्हासाठे."

"मन्हासाठे गावनं पानी तापीमा सोडी ऱ्हायना? तुन्हा बापनी दोन उन्हाया त्या चारीवर काढात. गावना लोक आते मन्हं तोंड दखीसन गप बठतंस, ते माले काय समजत नही? जाय, उघाड."

"तू तठे बठनं सोड, मंग उघाडस."

"मायसंगे सौदा करस?" ती म्हणाली. "मंग आठे कसाले ऱ्हास? नंदुरबारना मिरची मार्केटमा जाईसन बठ."

सरलाबाईंना हसू आवरलं नाही, त्या झाडू घेऊन आत पळाल्या. धीरजही हसला असता, एरवी. तो तसाच वैरणीच्या हातांनी उठला आणि चारीकडे गेला. संध्याकाळी त्यानं मला एवढंच विचारलं, "ताई, आते काय करानं?"

झडप उघडली आणि त्याच दिवशी डोंगराकडे ढग उतरले. आमच्याकडे थेंब नव्हता, पण नाल्याचा आवाज घरापर्यंत येऊ लागला. सकाळी मी उठले तर मायचं अंथरूण घडी करून ठेवलेलं होतं आणि दार लोटलेलं.

मी धावत गेले नाही. धावलं तर काहीतरी घडेल असं वाटत होतं. भरभर चालले, रचलेल्या दगडांना वळसा घातला आणि डंपरवाटेच्या तोंडाशी आले.

रस्ता जवळजवळ उरला नव्हता. पाणी माझ्या पायांपासून थोड्याच अंतरावर होतं, त्यावर काटक्या आणि पिवळा फेस फिरत होता. माय आपल्या दगडावरच होती. तिथे आता बसता येत नव्हतं, म्हणून उभी होती. पाणी तिच्या कमरेच्या वर होतं. पदराचं टोक सुटून पाण्यावर पसरलं होतं आणि हळूहळू मोकळ्या बाजूकडे ओढलं जात होतं.

"माय," मी वरून म्हणाले. माझा आवाज अगदी साधा आला. "चहा मांडस. चाल."

"मांड. तू पे."

"गवंडी येतीन आते."

"येऊ दे."

"भिंत बांधनी पडी, माय. लहान पोरं खेळतात इथे." घाबरले की मी प्रमाण मराठीत बोलते, हे तिला माहीत आहे.

तिनं अंगाशी आलेली काटकी बाजूला सारली. मग म्हणाली, "बांधा. मी नही कोठे म्हनस? पन वाट बंद व्हयनी ते मी कथा येऊ? प्रकाशाले तुम्हीन काय सोडं ते तुम्हले ठाऊक. माले तो आठेच दखायना शेवटला."

त्यानंतर मी सुचेल ते बोलत गेले. धीरजचं नाव घेतलं, बैलांचं घेतलं, घराचं घेतलं. पाणी काय करतं आहे तेवढंच ती बघत होती. चारीकडून नवा लोंढा आत पडल्याचा आवाज झाला आणि तिच्याभोवतीचं पाणी एकदा वर येऊन खाली बसलं. ती किंचित हलली. पाय सरकला की नुसती लाट, मला कळलं नाही.

मी डावा हात खडकावर ठेवला आणि उतरले.

पाणी थंड होतं आणि त्याला मातीचा वास होता. पायाखाली गाळ, गाळाखाली खडी. खडी लागते तोवर रस्ता आहे, एवढंच मी स्वतःला सांगत होते. पाणी गुडघ्याच्या वर आलं. उजवीकडे मी पाहिलं नाही. तरी ती बाजू मला अंगभर जाणवत होती, अंधारात शेजारी कुणी श्वास घेत असावं तशी. एकदा खडकाला धरायला जागा मिळाली नाही आणि मी नुसतीच उभी राहिले. पुढेही जाता येईना, मागेही. मग माय खोकली. तो तिचा रोजचा सकाळचा खोकला होता. त्याच्या आवाजावर मी पुढची पावलं टाकली.

मी तिच्याजवळ पोहोचले. तिचा दंड धरला. तो इतका गार होता की माझा हात दचकला. तिनं वळून पाहिलं नाही.

"तू कसाले उनी?" ती म्हणाली. "तुले पानीनं भ्याव वाटस, धाकली व्हती तधळपासून."

मी उत्तर शोधलं. सर्दी, साप, लोक, गवंडी, चहा. सगळी कारणं संपली होती. आमच्या घरात आम्ही एकमेकांना जेवलीस का म्हणतो, पोहोचल्यावर फोन कर म्हणतो, तब्येतीला जप असंसुद्धा म्हणत नाही. आप्पा मला जे म्हणाले नाहीत आणि मी त्यांना म्हणाले नाही, ते न म्हणताच आमचं सगळं आयुष्य नीट चाललं होतं. ते म्हणायचे शब्द माझ्याकडे प्रमाण भाषेत होते, पुस्तकांत वाचलेले. त्या पाण्यात त्यांचा उपयोग नव्हता.

मी तिचा दंड आणखी घट्ट धरला.

"माय," मी म्हणाले, "माले भ्याव वाटस. पानीनं नही. माले तू पायजे."